आदिमानवाचा डबा

सोमवार, दुपारचा सव्वा. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मायक्रोवेव्हसमोर नेहमीची रांग. माझा डबा आत गरगर फिरतोय आणि बाहेर एक वास पसरतोय. रांगेतला चौथा जण नाक मुरडून विचारतो, "आत कोणाचा मोजा राहिलाय का?"

मोजा नव्हता. भात होता. म्हणजे फ्लॉवर किसून केलेला 'भात'. मी शांतपणे छताकडे बघत उभा राहिलो आणि रांग संपल्यावर गुपचूप डबा काढला.

तर मंडळी, मी पॅलिओ झालोय. गेले तीन महिने. आणि नाही, मला सिक्स पॅक नकोयत. (आले तर हाकलणार नाही, ते सोडा.) जुलैमध्ये ऑफिसची वार्षिक तपासणी झाली, त्यात माझं एचबीएवनसी आलं ६.२. हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगतो. ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस, ६.५च्या पुढे डायबेटिस. माझं वय ३१. बाबांना डायबेटिस निघाला तेव्हा ते ४२ वर्षांचे होते आणि मी पाचवीत होतो. आता ते दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचून घेतात. आमच्या नाशिकच्या घरी फ्रिजच्या दारात अंड्यांच्या शेजारी इन्सुलिनची बाटली असायची. सगळ्यांच्याच घरी असते, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

डॉक्टर बाईंनी शांतपणे सांगितलं, वजन सहा किलो कमी करा, रोज ४० मिनिटं चाला, साखर बंद, भात-पोळी कमी. पॅलिओ हा शब्दसुद्धा त्यांनी काढला नव्हता. ते शहाणपण माझं. थोडंसं रूममेटचं, तो जिमला जातो.

नियम ऐका, मग हसा

पॅलिओ म्हणजे शेती सुरू होण्याआधी माणूस जे खायचा, ते खा. मांस, मासे, अंडी, भाज्या, कंद, फळं, सुका मेवा, बिया. ही कल्पना काही इन्स्टावाल्यांनी काढलेली नाही. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघांनी १९८५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अश्मयुगातल्या आहारावर लेख लिहिला. मग २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांचं 'द पॅलिओ डाएट' आलं आणि अमेरिकेत लाटच आली. त्यांचा मुद्दा असा, की शेती अवघी दहा-बारा हजार वर्षांची. आपलं शरीर त्याआधीच्या लाखो वर्षांत घडलेलं.

ऐकायला झकास. आता हे मराठी स्वयंपाकघरात आणून बघा. गहू, तांदूळ बाद. ज्वारी-बाजरी-नाचणी? धान्यच ती, बाद. तूर, मूग, मटकी बाद. दूध, दही, ताक बाद. साखर बाद, गूळही बाद. इथपर्यंत मी छाती ठोकून होतो. मग कळलं, शेंगदाणाही बाद! तो सुक्या मेव्यात मिरवतो, पण जातीने शेंगवर्गीय. आता मला सांगा, दाण्याचं कूट काढलं तर आपल्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, दोडक्याच्या भाजीत उरतं काय?

सगळ्यात कहर हिंगाने केला. डबीवरची बारीक अक्षरं पहिल्यांदाच वाचली. आपला बांधानी हिंग मैदा नाहीतर तांदळाचं पीठ घालून बनवलेला असतो. तीस वर्षं चिमूट-चिमूट मैदा खातोय, पत्ता नाही!

पहिला आठवडा: गनिमाचा विजय

पहिल्या आठवड्याचा मेन्यू मी नेटवरून उतरवला. अ‍ॅव्होकाडो, केल, झुकिनी, बदामाच्या पिठाचे पॅनकेक. सामान आणायला जे बिल झालं, त्यात आईचा आठवड्याचा भाजीपाला तीनदा आला असता. सोमवारी सकाळी सहाला उठून पॅनकेक केले. मंगळवारी साडेसहाला उठलो. बुधवारी उठलोच नाही.

आणि बुधवारीच रिलीज होतं. अमेरिकेतल्या टीमबरोबर रात्री साडेआठचा कॉल, तो संपला दहाला. घरी पोचलो तर चिकन फ्रीजरमध्ये दगड झालेलं, केल पिवळं पडलेलं. मी ओट्याशी उभा राहून एका हाताने फोन चाळत होतो. पस्तीस मिनिटांत बिर्याणी हजर. फॅमिली पॅक. फॅमिली म्हणजे मी.

त्या रात्री एक गोष्ट लख्ख कळली. माझी जीभ काही एवढी वाईट नाही, माझी रात्रीची दहाची वेळ वाईट आहे. उपाशी पोटी आणि दमलेल्या डोक्याने मी जे ठरवणार, ते मैद्यातच जाणार. म्हणजे काय खायचं हे बुधवारी ठरवायचंच नाही. ते रविवारी, पोट भरलेलं असताना ठरवून टाकायचं.

अळणीने तारलं

दुसऱ्या रविवारी अ‍ॅव्होकाडोला रामराम ठोकला आणि मंडई गाठली. मग आठवली ऑफिसमधल्या कोल्हापूरच्या मित्राकडची पद्धत. त्यांच्याकडे मटण शिजवताना आधी 'अळणी' काढतात. हाडासकट मांस, हळद, मीठ, आलं-लसूण, भरपूर पाणी, बस. मग त्याच अळणीचा अर्धा भाग तांबडा होतो, अर्धा पांढरा. आणि पांढऱ्या रश्श्यात असतं काय? नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. यात धान्य नाही, डाळ नाही, दही नाही. कोल्हापूरकर न कळत पॅलिओ खात होते, फक्त शेजारी भाकरी असायची!

तेव्हापासून माझा रविवार ठरलेला. संध्याकाळी पाच ते सात. एक किलो चिकन कुकरमध्ये, दोन शिट्ट्या, अळणी तयार. त्याचे तीन डबे. दोन फ्रिजमध्ये, सोमवार-मंगळवारसाठी. तिसरा फ्रीजरमध्ये, कारण शिजलेलं चिकन फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांच्या पुढे ठेवू नये. चिकन शिजेपर्यंत तीन वाटणं: हिरवं, म्हणजे कोथिंबीर, मिरची, आलं, लसूण, ओलं खोबरं. काळं, म्हणजे कांदा आणि सुकं खोबरं भाजून. आणि पांढरं, म्हणजे तीळ, खसखस, काजू. एकच अळणी, पण सोमवारी ती पांढरी, मंगळवारी हिरवी, बुधवारी काळी. तीन दिवस एकच खातोय असं वाटत नाही. दमलेल्या माणसाला रात्री फक्त गॅस पेटवून दहा मिनिटं उभं राहायचं असतं.

त्याच दोन तासांत सहा अंडी उकडून, चार रताळी वाफवून, भोपळा चिरून ठेवतो. बांगडे साफ करून आणलेलेच असतात. त्यांना हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ चोळून फ्रीजरमध्ये. बुधवारी रात्री झोपताना ते खाली फ्रिजमध्ये सरकवायचे. (यासाठी मोबाइलवर गजर लावलाय. नाव: 'मासे उतरव'. एकदा मीटिंगमध्ये वाजला. असो.) गुरुवारी खोबरेल तेल लावलेल्या तव्यावर टाकले की झालं. रवा लागतोच असं काही नाही. तवा नीट तापलेला हवा आणि उलटायची घाई नको.

फ्लॉवरच्या भाताचंही गुपित सांगतो. किसल्यावर फडक्यात पिळून घ्या, मोठ्या कढईत मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परता, पाणी घालू नका, झाकण ठेवू नका. झाकलंत की वाफ धरते आणि मोज्याचा वास येतो. आता माझ्या डब्यावरून कोणी बोलत नाही. चौथ्या नंबरचा तो मित्र तर रेसिपी मागून गेला.

दाण्याच्या कुटाची जागा मात्र महिनाभर रिकामीच होती. तिच्याकडे येतो.

एकवीस जेवणं

दिवसाला तीन, म्हणजे आठवड्याला एकवीस खाणी. त्यातली सतरा नियमात बसली की मी स्वतःला पास करतो. उरलेली चार माझी, माणसांची. टीममधल्या कोणाचा वाढदिवस, मित्राकडची मिसळ, चुलतबहिणीच्या साखरपुड्याचं ताट. एकवीसपैकी एकवीसचा हट्ट धरणारे दोन जण आमच्या ऑफिसात होते. दोघंही आता समोसा खातात.

चहापुढे मात्र मी हरलो. दुपारी चारची टपरी, दोघांत एक कटिंग आणि बॉसच्या नावाने बोटं मोडणं, यावर आमची टीम उभी आहे. काळा चहा पिऊन बघितला, पण बॉसला शिव्या देताना जोर येईना. मग तह केला: दिवसात एकच, बिनसाखरेचा.

मोदक आणि एक प्रश्न

खरी परीक्षा ऑफिसात नव्हतीच, नाशिकला होती.

फोनवर आईला मी 'डाएट चालू आहे' एवढंच मोघम सांगितलेलं. गणपतीला घरी गेलो. चतुर्थीची दुपार. पानात वरण-भात, पुरी, बटाट्याची भाजी आणि मोदक. मी भाजी, कोशिंबीर वाढून घेतली. पुरीला हात लावला नाही. आईने मोदक वाढायला हात पुढे केला, तर मी ताटावर हात आडवा धरला.

ती काही बोलली नाही. संध्याकाळी मी ओट्याजवळ पाणी प्यायला गेलो, तेव्हा भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे माझ्या पोळ्यांनीच बाबांना शुगर झाली का रे?"

मी गारच पडलो. इतके दिवस मी फक्त गव्हाला नाही म्हणतोय असं मला वाटत होतं. तिला ऐकू येत होतं वेगळंच. तीस वर्षं रोज पहाटे उठून तिने आमच्यासाठी जे केलं, ते चुकलं, असं.

मी म्हटलं, "नाही गं. असं नसतं ते." पुढे बरंच काही बोललो. आजोबांनाही होता, आनुवंशिकता असते, बाबांची बैठी नोकरी, माझं बारा तास खुर्चीत बसणं, रात्रीची बिर्याणी. सगळं खरं होतं, पण पीपीटी वाचून दाखवल्यासारखं. आई पुसलेलंच पातेलं परत पुसत राहिली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "चौथी पोळी मी मागायचो. आणि जेवण झाल्यावर फिरायला चल म्हणायची, तेव्हा पेपर उघडून बसायचो. वाढणारीला कशाला बोल लावतेस?"

आईने पातेलं ठेवलं. मी डब्यातून एक मोदक काढला आणि तिथेच ओट्याशी उभा राहून खाल्ला. एकविसातला एक. त्याचा हिशेब मी आनंदाने देईन.

ऋषीची भाजी

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. लहानपणी हा दिवस म्हणजे मला शिक्षा वाटायची, कारण ऋषीची भाजी. अळू, लाल माठाचे देठ, सुरण, भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, मक्याच्या कणसाचे तुकडे, सगळं एकत्र शिजवलेलं. मसाला नाही, फोडणी नाही. थोडी चिंच, हिरवी मिरची, खोबरं. यंदा मात्र मीच आईबरोबर चिरायला बसलो. सुरण चिरायच्या आधी तिने माझ्या हातांना तेल लावायला लावलं, नाहीतर खाजतं म्हणून.

"पण ही भाजी अशीच का करायची?" मी सहज विचारलं.

"आज बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं," ती म्हणाली. "नांगरलेल्या जमिनीतलं नाही चालत. परसातलं, आपोआप उगवलेलं, तेवढंच."

माझी सुरी थांबली. बैल नाही, नांगर नाही. म्हणजे शेती नाही! शेतीच्या आधीचं जेवण! मी अमेरिकेतून उतरवलेला मेन्यू चाळत बसलो होतो, आणि इथे भाद्रपद शुद्ध पंचमीला दर वर्षी एक दिवस आमच्या घरात पॅलिओ शिजत होतं. ती व्रत म्हणून करते, मी रिपोर्टला घाबरून. कारणं वेगळी, पातेलं एकच. मक्याच्या कणसावर एखादा कडवा पॅलिओवाला आक्षेप घेईल. घेऊ दे. मी दोनदा वाढून घेतली.

मग मीच तिला सगळे नियम सांगितले. ती प्रत्येकावर "हं" म्हणत होती. दाण्याच्या कुटापाशी आल्यावर म्हणाली, "मग तिळाचं कर की. तीळ आणि सुकं खोबरं, खमंग भाजून. नाहीतर कारळ्याचं." महिनाभर मी नेटवर जे शोधत होतो, ते तिने अर्ध्या मिनिटात सांगितलं, तेही कढईतून नजर न उचलता.

संध्याकाळी बाबांना घेऊन गंगापूर रोडला चालायला गेलो. बाबा निवृत्त शिक्षक, त्यांना विषयच हवा असतो. म्हणाले, "तुझा तो आदिमानव इथलाच. पुढे गंगापूरजवळ गोदावरीच्या काठाला अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली आहेत. डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी अभ्यास केला, १९५२ साली पुस्तक लिहिलं त्याच्यावर." मग थोडं चालून झाल्यावर विचारलं, "पण तो धान्य खात नव्हता, हे कोणी सांगितलं तुला?"

मुद्दा बिनतोड होता. घरी आल्यावर शोधलं. जॉर्डनमध्ये १४ हजार ४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीचे जळके तुकडे सापडलेत. २०१८ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. म्हणजे शेती सुरू होण्याच्या सुमारे चार हजार वर्षं आधी माणूस रानटी धान्य दळून भाकरी भाजत होता. गोदाकाठचा माणूस त्याच्या मोसमात मिळेल ते खात असणार. कोणी त्याला छापील चार्ट दिला नव्हता.

रिपोर्ट

गेल्या आठवड्यात परत रक्त तपासलं. ५.९. वजन पाच किलो कमी. मी पेढे... चुकलो, खजूर घेऊन डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी खजूर बाजूला ठेवले (त्यातही साखरच) आणि म्हणाल्या, "छान. पण हे पॅलिओमुळे, की चालण्यामुळे, की बिस्किटं आणि कोल्ड्रिंक बंद झाल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. तुम्हालाही येणार नाही." मग कॅल्शियमची चौकशी केली. दूध नाही, नाचणी नाही, मग हाडांना काय? तीळ, पालेभाज्या, काट्यासकट खाता येणारी छोटी मासळी, हे सगळं ठीक, पण दही-ताक परत सुरू करा, असं बजावलं. बाबांनी हे आंधळेपणाने करू नये, हेही. इन्सुलिन घेणाऱ्याने पिष्टमय एकदम तोडलं तर साखर खाली कोसळू शकते. त्यांचा डोस त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

तेव्हा आता मी पॅलिओ अधिक ताक आहे. कॉर्डेनसाहेब माफ करोत. दिवाळीनंतर एक भाकरीही परत येणार आहे, रात्रीची, एकच.

टिकलं काय, सांगू? नियमांपैकी निम्मे गळाले. टिकली ती रविवारची संध्याकाळ.

परवा कुरिअरने एक डबा आला. तिळा-खोबऱ्याचं कूट, वर आईच्या अक्षरात चिठ्ठी: 'फ्रिजमध्ये ठेव, खवट होतं.' रविवारी सहाच्या सुमाराला आता तिचा फोन येतो. मी स्पीकरवर टाकून कांदा-खोबरं भाजत असतो.

"काय करतोयस?"

"बुधवार," मी म्हणतो.

चौकट: एका दृष्टिक्षेपात आठवडा

रविवार: अळणी, तीन वाटणं, उकडलेली अंडी, वाफवलेली रताळी, मुरवलेले बांगडे. दोन तास.

सोमवार: डब्यात पांढरा रस्सा आणि फ्लॉवरचा भात. रात्री भोपळ्याची भाजी, ऑम्लेट.

मंगळवार: डब्यात हिरव्या वाटणाचं चिकन, काकडीची कोशिंबीर (तिळाचं कूट घालून). रात्री पालक-अंडं.

बुधवार: अळणीचा तिसरा डबा मंगळवारी रात्रीच खाली काढा. दुपारी रताळं, अंडी, कोशिंबीर. रात्री काळं वाटण. झोपताना मासे उतरवा.

गुरुवार: डब्यात दुधीची भाजी, अंडी. रात्री तव्यावरचा बांगडा, सोलकढी.

शुक्रवार: फ्रिजमध्ये उरलेल्या सगळ्या भाज्या एकत्र. म्हणजे ऋषीची भाजी, पंचमी नसली तरी.

शनिवार: तुमची चार जेवणं कुठे खर्च करायची, ते तुम्ही ठरवा. फक्त रात्री दहानंतर ठरवू नका.